बदलून मिळेल का

नेट्टा काउई मंगळवारी दुकानात आली,
काखेत बाटली, बाटलीला अजून निळी रिबन.
गल्ल्यापाशी ठेवून म्हणाली,
ही बदलून मिळेल का? उघडलेली नाही.

लेबल पाहिलं. आमच्याकडचीच.
पश्चिमेकडच्या बेटावरची, पीटच्या धुरात मुरलेली,
जिचं नुसतं बूच काढलं तरी मागची खोली भरते.
गेल्या शुक्रवारी मीच विकली होती
बकी बंदरातल्या, माशांना धुरी देणाऱ्या
कारखान्याच्या मॅनेजरला.
कुणीतरी निवृत्त होतंय, म्हणाला,
काहीतरी भारदस्त दे.

"एक्केचाळीस वर्षं," ती म्हणाली,
"हॅडॉकच्या जोड्या, शेपटीला सुतळी बांधून,
काठीवर टांगत आले, खाली ओकचा भुसा.
लग्नाच्या दिवशी केस तीनदा धुतले,
तरी चर्चमध्ये पुढच्या बाकावरचं पोर वळून बघत म्हणालं,
आई, भूक लागली."

ती हसली नाही. म्हणून मीही आवरलं.

"धूर आता पुरे. फळ दे.
आणि घशाला न ओरबाडता उतरेल असं."

मग मी माझं नेहमीचं पुराण लावलं:
धूर पाण्यातून येत नाही, वयातूनही नाही,
मोड आलेले सातू सुकवताना खाली काय जळतं
त्यावर सगळं. आमच्या या स्पे नदीकाठी
बहुतेक जण नुसत्या गरम हवेवर...
"पोरा," ती म्हणाली,
"सुकवणं मला शिकवू नकोस."

मुकाट्यानं तीन पेले मांडले.

पहिली, शेरीच्या पिंपातली:
मनुका, संत्र्याची साल, दालचिनी.
"हे जेवण झालं," म्हणाली. "फळ नाही."

दुसरी माझी लाडकी. येईल त्याच्या हातात देतो.
जर्दाळू, मध, रेशमासारखी.
तिनं पेला नाकाशी नेला
आणि परत खाली ठेवला, न चाखता.
"आहे यात."
नाही हो, मिसेस काउई.
"आहे. दाराआड उभा आहे.
सिगारेट बाहेर विझवून आत आलेल्या माणसासारखा."

मी तीनदा हुंगलं. जर्दाळू. मध. थोडं मेण.
शेवटी हट्टानं डिस्टिलरीला फोन लावला.
गोदामातल्या लॅकलननं वह्या उलटल्या,
बराच वेळ नुसती पानांची सळसळ.
मग म्हणाला, ऐंशीतली दोन पिंपं
आधी बेटावरच्या मालाची होती. खूप वर्षांपूर्वी.
कुणाचं नाक आहे रे हे तुझ्याकडे?

गिऱ्हाईकाचं, मी म्हणालो.

तिसरी खालच्या फळीवरची, बूर्बनच्या जुन्या पिंपातली,
बारा वर्षांची, रंग वाळल्या गवताचा,
कुणी भेट म्हणून नेत नाही अशी.
चमचाभर पाणी घातलं. वाट पाहिली.
"नासपती," ती म्हणाली.
घोट घेतला. मग बराच वेळ काहीच नाही.
"कच्ची नव्हे. दोन दिवस खिडकीत ठेवलेली."
आणि पेल्याकडे बघत, मला नव्हे:
"आमच्या शेडला खिडकी नव्हती."

हिशेब केला. बेटावरची दुपटीहून महाग,
तेव्हा हिच्या दोन बाटल्या, वर अकरा पौंड परत.
तिनं नाणी मोजून घेतली.
रिबनही सोडून घेतली, दातांनी गाठ ढिली करून,
घडी घालून खिशात.

दारात थांबली.
"मॅनेजरला बोलू नकोस हं.
बिचाऱ्यानं मनापासून दिली होती."

महागडी बाटली मी परत वरच्या फळीवर चढवली,
रिबनीशिवाय ती जरा ओळखीची वाटेना.
पेले धुवायला घेतले.
तिसऱ्यात थेंबभर उरलं होतं. हुंगलं.
नासपती, खरंच, पिकलेली,
खिडकी नि उन्हासकट.
आणि काचेवर, जिथे तिचा अंगठा टेकला होता तिथे,
अगदी पुसट...

पण माझ्या नाकाचं काय सांगावं.